गोवऱ्या, घोंगड्या आणि बंगलोरचा उन्हाळा

बंगलोरहून परत आल्यापासून ओट्यावर येईल ती बाई एकच म्हणते, "आज्जे, तितलं सांग की." सांगून सांगून माझा घसा बसला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर बरं आहे आणि खोटं लिहायची सवय नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवते. ज्यांनी चिंचवडच्या पलीकडं पाऊल टाकलं नाही त्यांनी वाचावं, वाचता येत नसेल त्यांनी पोरांकडून वाचून घ्यावं, आणि मला पुन्हा विचारू नये.

माहेर पोत्यात भरलं

माझी नात सुली पहिलटकरीण होती. तिचा नवरा नामदेव लष्करात, बंगलोरच्या छावणीत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत. पण सुलीचे पाय सुजले आणि तिथल्या डॉक्टरणीनं सांगितलं, हिला गाडीत बसवायचं नाही. नामदेवचं पत्र आलं तसं माझी सून, म्हणजे सुलीची आई, चुलीपुढं बसून रडायला लागली.

मी म्हणाले, "रडून काय व्हनार हाय? पोरगी म्हायेरी येत न्हाई, तर म्हायेर तिकडं नेऊ."

मी चाळीस वर्षं सुईणपण केलं. आमचं माण, शेजारचं मारुंजी, जांबे, या गावांतून जाताना रस्त्यात भेटणारी निम्मी माणसं मी पहिल्यांदा नागडी पाहिलेली आहेत. त्यामुळं माझ्यापुढं फार कुणी मिशीला पीळ देत नाही.

माहेर न्यायचं म्हणजे काय न्यायचं? आळीव, डिंक, खारीक, ओवा, बाळंतशोपा, उगाळायच्या घुटीचं सामान, जुन्या लुगड्यांची बाळुती. आणि एक पोतं भरून गोवऱ्या. बाळंतिणीला शेक द्यायचा असतो. खाटेखाली शेगडी, वर बाळंतीण, दारं-खिडक्या बंद, असे बारा दिवस. आमच्या गोवऱ्या मी स्वतः थापते, शेणात भाताचं तूस मिसळून. धूर कमी, धग जास्त. परक्या गायीच्या शेणाचा काय भरवसा?

सोबतीला धाकटे दीर रामभाऊ. ते मास्तरकीतून निवृत्त झालेत, पण मास्तरकी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. निघायच्या आदल्या दिवशी ते माझं सामान तपासायला आले.

"वैनी, बंगलोर समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंच हाय. तितं भर उन्हाळ्यात बी पंखा लागत न्हाई. गोऱ्या सायबांनी छावणी उगाच टाकली व्हती व्हय तितं? थंड हवा हाय म्हणून!"

"मग घोंगडी घिऊ?"

"तीन घ्या. मी मफलर घेतो."

तीन घोंगड्या गुंडाळल्या. एकेकीचं वजन करडाएवढं.

गाडीत

भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाला होता, शेतात आता पावसापर्यंत काम नव्हतं. हनुमान जयंती झाल्यावर बैलगाडीनं चिंचवड गाठलं, तिथून पुणं, आणि पुण्याला बंगलोरच्या गाडीत बसलो. गाडीचा प्रवास सगळा लिहीत नाही. बसलं की बूड दुखतं, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

साताऱ्याच्या पुढं तिकीट तपासायला काळ्या कोटातला माणूस आला. त्यानं पोत्याला बूट लावला.

"आजी, यात काय?"

"गवऱ्या."

"कुठं नेताय?"

"बंगलोरला."

"का? बंगलोरला गायी नाहीत?"

"असत्याल की. पर त्या आमच्या न्हाईत."

तो माणूस टोपी काढून समोरच्या बाकावर बसला आणि पोट धरून हसला. मग सगळा डबा हसला. मीही हसले, पण पोत्यावरचा हात काढला नाही. पुढं गर्दी वाढली तेव्हा त्याच पोत्यावर एक वकील बसला. हुबळीपर्यंत तो आमच्या शेणावर बसून कायद्याची पुस्तकं वाचत होता, आणि उतरताना माझे आभार मानून गेला.

रामभाऊंनी मात्र घोटाळा केला. एका स्टेशनात फिरकीचा तांब्या भरायला उतरले आणि नळावर एका माणसाला भूगोल शिकवत बसले. गाडी हलली. मी खिडकीतून ओरडले, "भाऊजी, पळा!" धोतराचा सोगा हातात धरून ते पळाले आणि चढले, पण भलत्याच डब्यात. पुढच्या स्टेशनला परत आले तेव्हा तांब्या रिकामा. त्या डब्यातल्या लोकांनी सगळं पाणी पिऊन टाकलं होतं.

"लई उकडत हुतं त्यांना," रामभाऊ म्हणाले.

"मग थंडी कुटं हाय?"

"वर चढलो की लागंल."

दुधातल्या दशम्या आणि लसणाची चटणी खात आम्ही वर चढायची वाट बघत राहिलो.

तीन हजार फुटांवर

बंगलोर आलं तेव्हा रामभाऊंनी मफलर गळ्याला दोन वेढे देऊन बांधला होता, एकदम गारठा बाधू नये म्हणून. मी अनवाणी उतरले आणि तशीच उडी मारून परत डब्यात चढले. फलाट तव्यासारखा तापला होता. वहाणा शोधून घालून पुन्हा उतरले.

नामदेव न्यायला आला होता. धिप्पाड गडी, पण भिजलेल्या बोळ्यासारखा दिसत होता. पाया पडला आणि म्हणाला, "आज्जी, असा उन्हाळा हितं कदीच झाला न्हाई म्हणत्यात. पेपरात बी आलंय. नोंदी ठेवाया लागल्यापासनं एवडं ऊन कदीच न्हाई."

मी रामभाऊंकडं बघितलं. ते स्टेशनच्या घड्याळाकडं बघत होते.

"भाऊजी, तीन हजार फूट वर म्हंजी सूर्याच्या तेवडं जवळच की. ह्ये मला चौथीतच कळाया पायजे हुतं."

"तात्पुरतं असंल," ते म्हणाले. मफलर सोडला नाही.

टांग्यातून जाताना शहर बघितलं. शहर देखणं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी झाडं, बागा, लाल कौलांचे बंगले. पण माणसं वेड लागल्यासारखी झालेली. ऊन आमच्या माणच्या वैशाखापेक्षा फार जास्त होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्यानं जन्मात कधी मार खाल्ला नाही त्याला पहिली थप्पड जशी लागते, तसं त्यांना ते लागलं होतं. टांग्याच्या घोड्याला गवताची टोपी घातली होती, कानांसाठी दोन भोकं पाडून. एक जण केळीचं पान डोक्यावर धरून चालला होता. एका चौकात जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद होता. त्याच्या काठावर कोट-टाय घातलेला एक गृहस्थ पाटलोणीचे पाय वर दुमडून, पाण्यात पाय सोडून पेपर वाचत बसला होता. शेजारी एक बैल पाणी पीत होता. दोघांची एकमेकांबद्दल काही तक्रार नव्हती. मला इतकं हसू आलं की टांगेवाल्यानं टांगा थांबवून मागं बघितलं.

नामदेव म्हणाला, "आज्जी, घरात पंखा न्हाई. हितं कुनाच्याच घरात नसतो, लागतच न्हाई. आता लागला, तर दुकानात एक बी शिल्लक न्हाई."

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, विटांच्या पातळ भिंती आणि वर सिमेंटचे पत्रे. आमच्या घराच्या भिंती मातीच्या, हातभर जाड. वैशाखात आत गेलं की अंग निवतं. इथं उलटं. आत गेल्यावर बाहेर बरं वाटायचं. सुली पोट सांभाळत उठली आणि गळ्यात पडली. "आज्जे, तू घोंगडी आणलीस?" असं म्हणून ती हसत सुटली ती थांबेना. तिला हसताना बघून मी म्हणाले, चला, येण्याचं सार्थक झालं.

शेजारची अम्मा

तिसऱ्या दारात एक बाई राहत होती. सगळी तिला अम्मा म्हणत, म्हणून मीही अम्मा म्हटलं. वय माझ्याएवढं. अंग कणगीसारखं, तोंडात पान, आणि केसांत या वयात मोगऱ्याचा गजरा. ती कानडी बोलायची, मी मराठी. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता. त्यानं काही अडलं नाही. भांडायला आणि जेवायला भाषा लागत नाही.

पहिल्या दिवशी तिनं पितळी पेल्यात कॉफी आणली. एका पेल्यातून दुसऱ्यात अशी उंचावरून ओतली की मला वाटलं सांडली. तोंडाला लावली तर करपलेल्या नाचणीचं पाणी. मी तोंड वाकडं केलं. तिनं माझ्यापेक्षा वाकडं केलं आणि निघून गेली. तिसऱ्या दिवशी मी स्वतः तिच्या दारात जाऊन पेला पुढं केला. तिनं भरला, पण आधी पोटभर हसून घेतलं.

तिच्याकडं नाचणीचा गोळा करतात, बुक्कीएवढा, वाफेवर शिजवलेला. आपल्याकडं नाचणीची भाकरी, आपण चावून खातो. तो गोळा चावायचा नसतो, कालवणात बुडवून गिळायचा. मला काय माहीत? मी चावत बसले. दातांना डिंक लावल्यासारखा चिकटला. अम्मानं मला गिळून दाखवलं. मी गिळला तो घशात बसला. तिनं पाठीत असा दणका मारला की गोळा खाली आणि मी पुढं. आमची मैत्री तिथून झाली असं म्हणायला हरकत नाही.

मुलगी झाली, आणि शेगडी पेटली

पाचव्या दिवशी सुलीला कळा सुरू झाल्या. नामदेवनं तिला छावणीच्या दवाखान्यात नेलं. मी कमरेला पदर खोचून आत निघाले, तर पांढऱ्या टोपीतल्या नर्सनं मला गोड बोलून बाहेरच्या बाकावर बसवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी बाळंतपणाच्या दाराबाहेर बसले, पुरुषमाणसांसारखी. एका बाजूला नामदेव नखं खात होता, दुसऱ्या बाजूला रामभाऊ मफलरनं वारा घेत होते.

मुलगी झाली. मोठ्यानं रडली. मला तेवढं पुरे. सुली सुखरूप होती. माझ्याशिवाय सगळं नीट झालं, आणि हेच मला टोचलं. माझ्या वाट्याला आता एकच काम उरलं होतं, ते म्हणजे शेक. ते मी कुणाला हिसकावू देणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. मी आधीच तयारी केली होती. आतल्या खोलीत खाट, खाटेखाली शेगडी, शेगडीत माणच्या गोवऱ्या. खिडक्यांच्या फटींत बाळुती कोंबली आणि वर घोंगड्या लावल्या. वारा आत यायचं नाव नाही. पाणी म्हणजे ओव्याचं कोमट, तेही चमच्यानं. बाळंतिणीनं घटाघटा पाणी प्यालं की पोट सुटतं, असं माझ्या सासूनं मला सांगितलं होतं आणि मी शंभरजणींना सांगितलं होतं.

पहिला दिवस सुलीनं सोसला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज्जे, पाणी दे ना."

"दिलं की आत्ताच."

"चमच्यानं दिलंस. तांब्यानं दे."

"बारा दिस झालं की विहीर पी."

रामभाऊंनी दारातून डोकावून बघितलं आणि तोंड भाजल्यासारखे मागं सरले. नामदेव कामावरून आला की खोलीच्या दारात उभा राही, पण मला विचारायची त्याची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून पोरगी दूध ओढेना. तिचं अंग लाल झालं, मानेवर पुरळ उठलं. रडणंही बारीक झालं होतं, दूर कुठं मांजराचं पिल्लू ओरडावं तसं. सुलीला दूध उतरेना, तिचे ओठ फुटले होते. मला ते दिसत होतं. मी काय केलं? शेगडीत आणखी दोन गोवऱ्या घातल्या. म्हटलं, शेक कमी पडला असेल. हे मी लपवत नाही.

"आदी तू बस"

तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी अम्मा आली. दारातून आत पाऊल टाकलं आणि मागं झाली. मग पुन्हा आत आली, अंधारात डोळे फाडून बघितलं, आणि तिनं जे तोंड सोडलं! कानडीत एवढे शब्द आहेत हे मला तेव्हा कळलं. ती शेगडीकडं बोट दाखवत होती, पोरीकडं बोट दाखवत होती, वर पत्र्याकडं दाखवत होती.

मीही गप्प बसणारी नव्हे. "तुज्या घरी तुजं चालव! चाळीस वरसं बाळतपणं केल्याती म्या! हात लाव शेगडीला, बघते तुला!"

ती तिच्या भाषेत, मी माझ्या. रामभाऊ आणि दुपारचा जेवायला आलेला नामदेव बाहेरच्या ओसरीत उभे. आत यायची दोघांची छाती नव्हती.

एकदम अम्मानं पोरीला उचललं, सुलीला हाताला धरून उठवलं आणि दाराजवळ चटईवर बसवलं. मग माझ्याकडं वळली. एक बोट माझ्याकडं, एक बोट खाटेकडं.

मला काय ते कळलं. बस म्हणत होती. आधी तू बस.

मी लुगड्याचा काष्टा आवळला आणि खाटेवर बसले. नुसती बसले नाही, आडवी झाले, बाळंतीण झोपते तशी. अम्मानं पाट ओढला, समोर बसली, हातातला ताडाचा पंखा मांडीवर ठेवला. वारा घातला नाही. नुसती बघत राहिली.

पहिल्यांदा वाटलं, यात काय मोठं? मग पाठीखालची सुंभं तापायला लागली. मग वरचा पत्रा तापलेला कळला. खालून आग, वरून आग, मध्ये मी. घाम कानात जायला लागला.

"आज्जे, उठ की," सुली चटईवरून म्हणाली.

"का? बरं वाटतंय मला."

"तुजं नाक लाल झालंय."

"जल्मापासनं लालच हाय."

सुलीला हसू फुटलं. फुटलेल्या ओठांनी ती हसली, ओठातून रक्त आलं, तरी हसतच होती. अम्मा पान चघळत होती. मी डोळे मिटले, आणि डोळ्यांपुढं आली ती आमची चंदरी म्हैस. गेल्या वैशाखात ती व्याली. तेव्हा मी काय केलं? तिला आंब्याच्या सावलीत बांधली. अंगावर पाण्याच्या चार बादल्या ओतल्या. पेंडीचं पाणी घमेलंभर पाजलं. म्हशीला सावली, आणि नातीला निखारे. म्हैस माझ्या नातीपेक्षा नशीबवान म्हणायची.

तेवढ्यात पाठीला असा चटका बसला की मी पडल्या जागेवरून उडाले. या वयात मी अशी उडेन असं मला वाटलं नव्हतं. अम्मालाही वाटलं नसावं, तिचं पान घशात अडकलं. आता तिच्या पाठीत दणका घालायची पाळी माझी होती. मी घातला. चांगला घातला.

"माजी भाकरी झाली," मी म्हणाले. "दोन्ही बाजूंनी. नामदेव! बादली आण!"

नामदेव दाराशी बादली घेऊनच उभा होता, मागं रामभाऊ. किती वेळ उभा होता देव जाणे. त्यानं ती शेगडीवर पालथी केली. फस्स करून राखेचा असा ढग उठला की आम्ही पाचजण आणि ती एवढीशी पोर, सगळी भस्म फासलेल्या गोसाव्यांसारखी झालो. मी खिडक्यांवरच्या घोंगड्या ओढून काढल्या, फटींतली बाळुती उपसली, दार सताड उघडलं. सुलीच्या हातात तांब्या दिला. ती तो उभा-उभा प्याली, मग दुसरा प्याली. तिच्या गळ्याची घाटी खाली-वर होताना मी बघत होते. मला माझी लाज वाटली. एवढंच लिहिते, जास्त लिहीत नाही.

घोंगड्यांचा उपयोग

पण खिडक्या उघडल्यावर आत काय आलं? झळ. आता काय करावं? माझ्या हातात घोंगडी होती. नामदेवनं दुसरी बादली भरून ठेवली होती. मी घोंगडी त्यात बुचकळली आणि निथळती तशीच खिडकीवर टांगली. लोकर पाणी धरून ठेवते, हे इरलं नसलं की पावसात घोंगडी घेणाऱ्या आम्हा मावळातल्या बायकांना कुणी शिकवायला नको. भिजलेल्या घोंगडीतून वारा आत आला तो गार, अगदी विहिरीच्या काठावरचा. दुसरी घोंगडी दुसऱ्या खिडकीवर, तिसरी दारात. खोलीत मेंढरांचा वास सुटला. असा वास की डोळे मिटले असते तर धनगराच्या वाड्यावर बसल्यासारखं वाटलं असतं. पण गार होतं.

अम्मानं नाक धरलं. मग घोंगडीपुढं उभी राहिली, पदर पसरला, आणि नाक सोडलं.

ती घरी जाऊन एक लोटा घेऊन आली. मी चाखून बघितलं. नाचणीचं पीठ आंबवून शिजवलेलं, ताक घातलेलं, वर कांदा. ही तर आमची आंबील! उन्हाळ्यात मी आमच्या गड्यांना हीच पाजते. मी अम्माला म्हणाले, "मीठ जास्ती झालंय." ती काहीतरी म्हणाली. बहुतेक, "गप पी," असं म्हणाली असेल. सुली दोन पेले आंबील प्याली. ओल्या फडक्यानं मी पोरीचं अंग पुसलं, दर घटकेला पुसत राहिले. दिवस मावळायच्या आत सुलीला दूध उतरलं आणि पोरीनं ओढलं. चपाचपा आवाज येत होता. अम्मा आणि मी भिंतीला टेकून तो आवाज ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी आख्ख्या आळीत बातमी. लष्करी वस्ती ती, प्रत्येकाच्या घरी पेटीत जाड कांबळी. जी थंडीसाठी ठेवलेली ती सगळी निघाली आणि भिजून खिडक्यांवर चढली. ओळीनं घरं आणि ओळीनं निथळणारी कांबळी. पोरं खालून धार धरून अंघोळ करत होती. आणि रामभाऊ? त्यांनी मफलर ओला करून डोक्याला गुंडाळला आणि आळीतून फिरून सगळ्यांना सांगितलं, "मी वैनीला म्हटलंच व्हतं, लोकरीचे कपडे न्या."

बाराव्या दिवशी बारसं झालं. उरलेल्या गोवऱ्या मी वाया जाऊ दिल्या नाहीत. आळीतल्या बायकांनी अंगणात तीन दगड मांडले आणि माणच्या गोवऱ्यांवर अम्मानं खीर शिजवली. ती चुलीपुढं वाकली, फुंकर घातली, धूर आला नाही हे बघून तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. चाळीस वर्षांच्या सुईणपणात मला एवढी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती. रामभाऊंनी नाव सुचवलं, शीतल. म्हटलं, ठेवा. घरात तेवढंच गार.

निघताना अम्मानं माझ्या रिकाम्या पोत्यात नाचणी भरून दिली. मी तिला एक घोंगडी दिली. दोघींनी एकमेकींची वस्तू हातात घेऊन वजन बघितलं, आणि खूश झालो.

परत माणला

घरी आले तेव्हा इथला वैशाख भरात होता. सून दारातच उभी. पाय धुवायला पाणी देण्याआधी तिनं विचारलं, "आत्याबाई, शेक किती दिस दिलासा?"

ओट्यावर चार-पाच बायका बसल्या होत्या. सगळ्यांचे कान माझ्याकडं. बारा दिवस, असं म्हणून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? रामभाऊंनी सुद्धा माझ्याकडं बघितलं.

"दोन दिस," मी म्हणाले. "तिसऱ्या दिशी म्याच इझवला. न्हाईतर दोघी हाती लागल्या नसत्या."

एकीनं पदर तोंडाला लावला. मग पलीकडच्या घरची पारूबाई म्हणाली, "म्हातारीला तितलं पानी बाधलं. आमची सून काल बाळात झालीया. आज्जे, तुमच्याच रीतीनं शेक चालू हाय बगा. याल का जरा बगायला?"

मी तशीच उठले, धुळीच्या पायांनी. पारूबाईच्या घरात गेले. माजघरात अंधार, फटीत बाळुती, खाटेखाली शेगडी. सून तोंड भिंतीकडं करून पडलेली, ओठ पांढरे. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघून उपयोग नाही हे तिला माहीत असावं. हे सगळं मीच तर या गावाला शिकवलं.

मी पोराला उचललं, सुनेच्या हाताला धरून तिला दाराशी बसवलं. पारूबाई बघतच राहिली.

"आज्जे, ह्ये काय?"

मी पाट ओढला, खाटेसमोर बसले, वारा घालायचं म्हणून हातात सूप घेतलं आणि मांडीवर ठेवून दिलं.

"पारे," मी म्हणाले, "आदी तू बस."

तिला फार वेळ बसावं लागलं नाही. बादली तिनंच मागितली.